भारतातील कृषी संशोधन निधीचा प्राधान्यक्रम

कृषी संशोधन निधीचा प्राधान्यक्रम म्हणजे शेतीविषयक संशोधनासाठी उपलब्ध असलेला मर्यादित पैसा, मनुष्यबळ आणि वेळ कोणत्या पिकांवर, प्रदेशांवर आणि समस्यांवर खर्च करावा हे ठरविण्याची प्रक्रिया होय. भारतात हा निधी प्रामुख्याने केंद्र व राज्य शासनांकडून येतो. कृषी क्षेत्राच्या सकल उत्पादनाच्या किमान १ टक्का रक्कम संशोधनावर खर्च व्हावी, असा मापदंड धोरणविषयक चर्चांत वारंवार मांडला जातो. प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच कमी राहिला आहे. त्यामुळे एका पिकास निधी देणे म्हणजे बहुधा दुसऱ्या पिकास तो नाकारणे ठरते.

== इतिहास ==

ब्रिटिश काळात संशोधनाचा भर व्यापारी पिकांवर होता. १९२१ साली भारतीय केंद्रीय कापूस समिती स्थापन झाली आणि कापसावरील उपकरातून तिला निधी मिळू लागला. पुढे ताग, ऊस, नारळ, तंबाखू इत्यादी पिकांसाठीही अशा समित्या निर्माण झाल्या. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ मध्ये अहवाल सादर केला. त्याच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये आजच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्थापना झाली.

१९६० च्या दशकातील अन्नटंचाईमुळे प्राधान्यक्रम बदलला. पीकनिहाय समित्या बरखास्त करून त्यांच्या संस्था परिषदेच्या अखत्यारीत आणण्यात आल्या आणि गहू व भात या पिकांना अग्रक्रम मिळाला. १९६६ मध्ये मेक्सिकोहून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे आयात करण्यात आले. या धोरणामुळे धान्योत्पादन वाढले. मात्र त्याचा लाभ मुख्यतः सिंचित प्रदेशांना झाला. कोरडवाहू भागांतील ज्वारी, बाजरी आणि कडधान्ये मागे पडली. हा असमतोल कमी करण्यासाठी १९७९ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्प सुरू झाला. त्यात कृषी-हवामान विभाग पाडून विभागीय संशोधन केंद्रे उभारण्यात आली. महाराष्ट्राचे असे नऊ विभाग करण्यात आले.

== प्राधान्य ठरविण्याच्या पद्धती ==

=== अनुरूपता पद्धत ===
एखाद्या पिकाचा एकूण उत्पादनमूल्यात जेवढा वाटा, तेवढाच वाटा त्यास निधीत द्यावा, असे ही पद्धत सांगते. १,००० रुपयांच्या शेतमालात ज्या पिकाचे मूल्य १०० रुपये आहे, त्यास १० टक्के निधी मिळेल. ही पद्धत सोपी आहे. परंतु संशोधन यशस्वी होण्याची शक्यता ती विचारात घेत नाही. ज्या पिकाचे मूल्य संशोधनाअभावीच कमी राहिले, त्याकडे पुढेही दुर्लक्ष होण्याचा धोका तिच्यात असतो.

=== गुणांकन पद्धत ===
यात उत्पादनवाढ, दारिद्र्यनिवारण, पोषण, पर्यावरण अशा निकषांना भार देऊन प्रत्येक विषयास गुण दिले जातात. अनेक उद्दिष्टे एकत्र तोलता येणे हे तिचे बलस्थान आहे. निकषांचे भार कोण ठरवितो, यावर मात्र निष्कर्ष अवलंबून राहतो.

=== आर्थिक आधिक्य पद्धत ===
नव्या तंत्रामुळे उत्पादनखर्च किती घटेल, किती शेतकरी ते स्वीकारतील आणि उत्पादक व ग्राहक यांना किती लाभ होईल, याचा अंदाज घेऊन त्याची आजची किंमत काढली जाते. वार्षिक ६ टक्के दर धरल्यास १५ वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत सुमारे ४२ रुपये होते. त्यामुळे मृदसंधारणासारखे दीर्घकाळाने फळ देणारे विषय या गणितात मागे पडू शकतात.

== उदाहरण: महाराष्ट्रातील ऊस आणि रब्बी ज्वारी ==

महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत नवीन वाण, अवजारे आणि शिफारशींना मान्यता दिली जाते. राज्यातील बहुतांश शेती पावसावर अवलंबून असल्याने निधीवाटपाचा प्रश्न येथे विशेष तीव्र आहे.

ऊस उत्पादक सहकारी साखर कारखान्यांद्वारे संघटित आहेत. त्यांच्या आधाराने १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था उभी राहिली. रब्बी ज्वारीच्या शेतकऱ्यांजवळ असे संघटन नाही. शेतकरी या पिकाचे बियाणे घरचेच राखून पेरू शकतो. त्यामुळे खासगी कंपन्यांनाही त्यात मोठा नफा दिसत नाही. जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर येणारी ही ज्वारी मुख्यतः दख्खनच्या पठारावरच घेतली जाते. म्हणून गव्हाप्रमाणे परदेशातील तयार वाण आणण्याचा मार्गही उपलब्ध नाही. ज्या संशोधनाचा खर्च दुसरे कोणी उचलणार नाही, तेथे सार्वजनिक निधीची गरज सर्वाधिक असते, या तत्त्वाचे हे ठळक उदाहरण आहे.

या पिकाचे मूल्यमापनही सोपे नाही. केवळ धान्याचा बाजारभाव धरल्यास कडब्याचे मूल्य हिशेबातून सुटते. दुष्काळी भागात मात्र जनावरांचा चारा म्हणून कडबा तितकाच महत्त्वाचा असतो. मोहोळ येथील संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेला मालदांडी (एम ३५-१) हा वाण भाकरीची चव आणि कडब्याची प्रत यांमुळे दीर्घकाळ टिकून राहिला. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीनुसार वाण विकसित केले, उदा. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा.

== मर्यादा आणि टीका ==

* सार्वजनिक संस्थांच्या निधीचा मोठा भाग वेतन व निवृत्तिवेतनावर खर्च होतो. त्यामुळे प्राधान्यक्रम बदलला तरी प्रत्यक्ष प्रयोगांसाठी वळविता येणारी रक्कम अल्प असते.
* एक वाण विकसित होण्यास अनेक वर्षे लागतात. निधी दरवर्षी बदलल्यास अर्धवट राहिलेल्या प्रयोगांवरील पूर्वीचा खर्चही वाया जातो.
* संघटित उत्पादकांच्या मागण्या धोरणकर्त्यांपर्यंत सहज पोहोचतात. अल्पभूधारक, शेतमजूर आणि महिला शेतकरी यांच्या गरजा तुलनेने कमी नोंदल्या जातात.
* उत्पादनमूल्यावर आधारलेल्या निकषांत पोषणमूल्य आणि भूजलाचा वापर यांचा पुरेसा विचार होत नाही.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी तंत्रज्ञान प्रकल्पात स्पर्धात्मक अनुदानांचा अवलंब करण्यात आला. परिषदेच्या संस्थांमध्ये प्राधान्यनिश्चिती, संनियंत्रण व मूल्यमापन कक्षही कार्यरत झाले. तथापि, कोणतीही पद्धत निर्णय आपोआप देत नाही. लाभ कोणास व्हावा हा मूलतः धोरणाचा प्रश्न असून, या पद्धतींमुळे त्या निवडीमागील गृहीतके उघडपणे मांडता येतात.