वाहन-दोषसंकेत

मोटारीच्या नियंत्रक संगणकाने बिघाडाची खूण म्हणून स्मृतीत नोंदवलेला पाच चिन्हांचा संकेत. पूर्वी प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी होती. टोयोटाच्या जुन्या गाड्यांत चाचणी-जोडणीची दोन टोके तारेने जोडून ‘चेक इंजिन’ दिव्याची उघडझाप मोजावी लागे. कॅलिफोर्नियातील धुरामुळे तेथील वायुप्रदूषण मंडळाने एकसारखेपणाचा आग्रह धरला आणि १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत ‘ओबीडी-२’ ही पद्धत व १६ पिनांची जोडणी सक्तीची झाली. भारतात ती भारत स्टेज-४ मानकांच्या गाड्यांना २०१३ पासून लागू झाली.

पहिले अक्षर विभाग सांगते: पी म्हणजे इंजिन व गिअर, सी चासी, बी बॉडी, यू संगणकांमधील संदेशवहन. दुसऱ्या जागी ० असेल तर अर्थ सर्व कंपन्यांत एकच. ‘पी०३०१’ म्हणजे कुठल्याही गाडीत पहिल्या सिलिंडरचे मिसफायर. दुसऱ्या जागी १ असेल तर अर्थ कंपनीने ठरवलेला असतो. म्हणून एका कंपनीच्या तक्त्यावरून दुसरीचा ‘पी१’ संकेत वाचणे धोक्याचे.

संकेत लक्षण सांगतो, कारण नव्हे. ‘पी०१७१’ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. त्यामागे फाटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला हवामापक सेन्सर किंवा थकलेला इंधनपंप, काहीही असू शकते. संकेत पाहून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलणे हा गॅरेजमधला खर्चिक उतावीळपणा होय. बिघाडाच्या क्षणाचे तापमान, वेग व इंजिनावरील भार संगणक जपून ठेवतो. ती नोंद संकेत पुसण्याआधीच वाचावी.