नावेची पिछाडी

सागरी पराक्रमांच्या इतिहासांत कप्तानाचें धैर्य आणि त्याचें ज्योतिर्ज्ञान यांचें वर्णन विस्तारानें येतें. नावेच्या डागडुजीचा उल्लेख मात्र एखाद्या वाक्यांत आटोपतो. कप्तान विल्यम ब्लाय याचा प्रवास त्या उपेक्षित वाक्यांकडे लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे.

‘बाउंटी’ हें इंग्रजी आरमाराचें जहाज ताहिती बेटांतून निरफणसाचीं रोपें घेऊन वेस्ट इंडीजकडे निघालें होतें. २८ एप्रिल १७८९ रोजीं फ्लेचर ख्रिश्चन यानें बंड करून ब्लायसह १९ जणांना २३ फूट लांबीच्या उघड्या नावेंत उतरविलें. विल्यम पर्सेल या सुताराला हत्यारांची पेटी द्यावी कीं नाहीं, यावर बंडखोरांत वाद झाला. ती मिळाली तर ब्लाय महिन्याभरांत जहाज बांधील, अशी भीति एकानें बोलून दाखविली. अखेर पेटी देण्यांत आली.

तोफुआ बेटावर तेथील रहिवाशांच्या हल्ल्यांत एक जण मारला गेला. उरलेले १८ जण पश्चिमेस निघाले. नाव भारानें खोल बसली होती. मागून येणारी लाट पिछाडीवरून आंत कोसळे, आणि पाणी उपसतां उपसतां माणसें थकून जात. नाळ पाणी कापीत जाते. परंतु पाठीमागून धांवत येणाऱ्या लाटेला अडविण्याचें काम पिछाडीचें असतें.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत यावर उपाय योजण्यांत आला. मागील बैठकींच्या फळ्या काढून त्या पिछाडीच्या दोन्ही बगलांवर खिळ्यांनीं ठोकल्या, आणि कांठ सुमारें ९ इंच उंच केला. सभोंवार कॅनव्हासचा आडोसा बांधला. ९ इंच म्हणजे अवघी एक वीत! पण या व्यवस्थेचा फार उपयोग झाल्याचें ब्लायनें स्वतः नमूद केलें आहे.

मेअखेर ऑस्ट्रेलियानजीकच्या रेस्टोरेशन बेटावर नाव लागली. तेथें पाहतात, तों सुकाणू अडकविण्याची एक लोखंडी कडी रात्रीं निखळून नाहींशी झालेली! भर समुद्रांत असें घडतें, तर नाव लाटांपुढें आडवी होऊन उलटण्याचा धोका होता. सुदैवानें नावेंतच एक मोठा लोखंडी आंकडा सांपडला. तो त्या जागीं बसवून काम भागलें.

१४ जून रोजीं नाव तिमोर बेटावरील कुपांग बंदरांत पोंचली. तोफुआपासूनच्या सुमारें ३६०० सागरी मैलांत एकही मनुष्य दगावला नाहीं.

ब्लाय आणि पर्सेल यांचें मुळींच पटत नसे. वाटेंतील एका बेटावर तर ब्लायनें तरवार घेऊन त्याला आव्हान दिलें, आणि १७९० सालीं आरमारी न्यायालयानें पर्सेलला ठपका दिला. तथापि एकमेकांचें तोंड पाहूं न इच्छिणारीं हीं माणसें त्याच वीतभर फळ्यांच्या आडोशानें तरलीं. ब्लायच्या नौकानयनाचें कौतुक योग्यच आहे. त्यांत या फळ्यांचा आणि खिळ्यांचाही वाटा मोजला पाहिजे.