शारदा सदनाची विद्यार्थिनी आणि हिंगण्याचे विद्यापीठ

कोथरूडलगतचे हिंगणे बुद्रुक आज कर्वेनगर या नावाने ओळखले जाते. तेथील महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या कार्याचा इतिहास सर्वपरिचित आहे. परंतु त्याची एक मुळी शारदा सदनापर्यंत पोहोचते, याचे स्मरण क्वचितच केले जाते.

ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. गोदूबाई जोशी ही बालविधवा तेथील आरंभीची विद्यार्थिनी. पुढे सदन पुण्यात आले. 1893 साली गोदूबाईंचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, म्हणजेच सर्वांच्या 'बाया', झाल्या. त्याच वर्षी धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले व न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती हितचिंतक सदनापासून दूर झाले.

विधवांच्या शिक्षणाची निकड मात्र कायम होती. कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली आणि 1900 साली आश्रम हिंगण्यास नेला. रावबहादूर गोखले यांनी जागा दिली. तीवर एक झोपडी उभी राहिली. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून प्राध्यापक महाशय सुमारे चार मैल पायी आश्रमात येत. लोकक्षोभ टाळण्यासाठी त्यांनी पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमापासून कटाक्षाने अलग ठेवला. त्याची किंमत बायांना मोजावी लागली: ज्या कार्यासाठी त्या वर्गणी गोळा करीत, त्याच्या अंतर्गत जीवनात पुनर्विवाहित स्त्री म्हणून त्यांना बराच काळ मोकळे स्थान नव्हते.

1915 च्या सुमारास टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कर्व्यांच्या हाती आली. त्या विद्यापीठाचे संस्थापक जिन्झो नारुसे हे एके काळी ख्रिस्ती पाळक होते. त्यापासून प्रेरणा घेऊन 1916 साली महिला विद्यापीठ स्थापन झाले. कुलपतिपद स्वीकारले ते डॉ. भांडारकरांनीच! शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, इंग्रजी आवश्यक विषय, जोडीला आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र. पदवीचे नाव 'गृहीतागमा'. हा अभ्यासक्रम स्त्रीला घराशीच बांधतो, अशी टीका होऊ शकते व ती सर्वस्वी अनाठायी नाही. तथापि उच्च ज्ञान मराठीतून देता येते, हे त्याने दाखविले. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली व विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लाभले. 1936 साली मुख्यालय मुंबईस गेले. कायदेशीर मान्यता मात्र स्वातंत्र्यानंतर, 1951 साली मिळाली; तोवर पस्तीस वर्षे मुलींनी सरकारी शिक्क्यावाचून विद्या घेतली.

हिंगण्याच्या त्याच आवारात 1991 पासून मुली अभियांत्रिकी शिकत आहेत. रमाबाई, कर्वे आणि बाया यांचे मार्ग भिन्न होते, श्रद्धाही भिन्न होत्या. परंतु एका सदनात अक्षरे गिरविणाऱ्या विधवेचे घर पुढे विद्यापीठाचे माहेर ठरले. इतिहास लिहिताना संस्थापकांच्या नावाखाली अशा विद्यार्थिनी झाकल्या जाऊ नयेत, एवढी काळजी आपण घ्यावयास हवी.