शब्दांविना हसू : शि. द. फडणीस यांची 'हसरी गॅलरी'

'हसरी गॅलरी' हे नाव मराठी व्यंगचित्रकलेत शि. द. फडणीस यांच्या शब्दविरहित हास्यचित्रांसाठी रूढ झाले आहे. शिवराम दत्तात्रेय फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात त्यांनी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले.

त्या काळी मासिकांतील हास्यचित्राची भिस्त बहुधा खाली छापलेल्या संवादावर असे. चित्र झाकले, तरी विनोद कळत असे. फडणीस यांनी संवादच काढून टाकला. अनंत अंतरकर यांच्या 'मोहिनी'च्या १९५२ मधील मुखपृष्ठावर तरुणीच्या साडीवर उंदरांची, तर तरुणाच्या शर्टावर मांजरांची नक्षी आहे. या पेचात शब्दाला जागाच उरत नाही.

अशा चित्राची खरी कसोटी पेन्सिलच्या कच्च्या आराखड्यातच लागते. खाली सावरून घेणारी ओळ नसल्याने प्रत्येक वस्तूची जागा आणि पात्राच्या नजरेची दिशा अचूक ठरवावी लागते. शाई आणि रंग नंतर येतात. फडणीस यांची रेषा सलग व गुळगुळीत, रंग सपाट. त्यांची पात्रे विक्षिप्त गोष्टीही अत्यंत गंभीरपणे करतात. हसतो तो पाहणारा.

आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन'ही बोलत नाही; पण त्या चित्राला मथळा आणि त्या दिवसाची बातमी लागते. बातमी विस्मरणात गेली, की चित्राला खुलासा जोडावा लागतो. उंदीर-मांजराच्या नक्षीला तो लागत नाही, भाषांतरही लागत नाही. या निवडीची किंमतही आहे : सत्तेला थेट जाब विचारण्याचे काम ही चित्रे करीत नाहीत.

१९६५ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात 'हसरी गॅलरी'चे प्रदर्शन भरले आणि मासिकात चाळून बाजूला ठेवले जाणारे हास्यचित्र भिंतीवर निरखण्याचा विषय झाले. पुढे फडणीस यांनी शालेय गणिताची पाठ्यपुस्तकेही चित्रांनी सजवली. धाक वाटणाऱ्या विषयाच्या पानावर हसू आणणे, हे या शब्दविरहित रेषेचे कदाचित सर्वांत उपयोगी काम ठरले.