धूररहित दारू आणि शिकारी रायफलीची निवड

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी रुंद नळीची बंदूक व शिशाची जड गोळी श्रेष्ठ मानली जात असे. काळ्या दारूवर सुटलेली गोळी मंदगती असल्याने लांब पल्ल्यावर लवकर खाली येई. साहजिकच अंतराचा अंदाज थोडा चुकला, तरी नेम हुके.

परिवर्तन :
इ. स. १८८४ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएय यांनी धूररहित दारू सिद्ध केली. परिणामी धातूचे आवरण असलेली बारीक गोळी अधिक वेगाने व सपाट मार्गाने जाऊ लागली. जर्मनीच्या माउझर कारखान्याचे ७ मिलिमीटर काडतूस बोअर युद्धात (१८९९-१९०२) दूरच्या माऱ्यासाठी गाजले. पुढे लंडनच्या रिग्बी कंपनीने तेच ‘.२७५’ या नावाने शिकारी रायफलीत आणले. हत्तीच्या जाड कवटीसाठी पूर्ण आवरणाची, तर वाघ-हरणांसाठी टोकाशी शिसे उघडे असलेली, आत शिरताच पसरणारी गोळी निवडली जाई.

विवेचन :
१९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना अशीच रायफल भेट मिळाली. त्या वाघिणीचे उजवीकडील सुळे जुन्या गोळीने तुटले होते. नैसर्गिक भक्ष्य मारणे त्यामुळेच तिला अशक्य झाले, असे कॉर्बेट यांचे मत होते. तिच्या बळींची संख्या ४३६ नोंदली गेली.

निष्कर्ष :
नव्या दारूने गोळीचा पल्ला वाढविला. जनावर केवळ जखमी होऊन निसटण्याचा धोका मात्र संपविला नाही. म्हणून शस्त्राची निवड ही शिकाऱ्याच्या हौसेपुरती मर्यादित बाब नव्हती. चुकलेल्या गोळीची किंमत अनेकदा जंगलालगतच्या गावांनी मोजली.