पिकल्या केळ्यांचा पाव

अक्रोडाचे तुकडे पेरून घरच्या ओव्हनमध्ये भाजलेला केळ्यांचा पाव अमेरिकन गृहिणीला आजी-पणजीपासून वारसाहक्काने मिळालेला आहे, अशी समजूत त्या देशात आणि त्याच्या अनुकरणाने इतरत्रही रूढ आहे. परंतु जुने दप्तर उलगडून पाहिले असता हा वारसा फारसा प्राचीनही ठरत नाही आणि निव्वळ घरगुतीही ठरत नाही.

हा पाव फुगतो तो यीस्टने नव्हे, खाण्याच्या सोड्याने. यीस्टने पीठ फुगवायचे म्हणजे तासन्‌तास वाट पाहणे आले. त्यातून सुटका केली ती राखेने. जंगले तोडून शेते करणाऱ्या अमेरिकन वसाहतकऱ्यांपाशी लाकडाची राख विपुल होती. ती पाण्यात कालवून, निवळी आटवून, उरलेला क्षार भट्टीत शुद्ध केला की ‘पर्लॅश’ तयार होई, आणि आम्लाशी गाठ पडताच त्यातून निघणारा कर्बाम्ल वायू पीठ क्षणात फुगवी. पापडखाराशी पिढ्यान्‌पिढ्या परिचय असलेल्या मराठी गृहिणीला याचे नवल वाटणार नाही. या जिन्नसाची मातब्बरी एवढी, की १७९० मध्ये अमेरिकी संघराज्याने दिलेली पेटंटची पहिलीच सनद, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या स्वाक्षरीनिशी, सॅम्युएल हॉपकिन्स यांना हा क्षार करण्याच्या सुधारित पद्धतीबद्दल मिळाली. १७९६ च्या अमेलिया सिमन्स यांच्या पाककृतिग्रंथात तो स्वयंपाकघरात पोचलेला दिसतो, आणि १८४६ पासून ऑस्टिन चर्च व जॉन ड्वाइट यांनी खाण्याच्या सोड्याचा व्यापार मांडल्यावर राखेची खटपटही संपली.

सोडा होता, पीठ होते. केळे मात्र नव्हते. १८७० मध्ये लोरेन्झो डाऊ बेकर नावाच्या तांडेलाने जमैकातून केळ्यांचे घड आपल्या गलबतात घालून जर्सी सिटीच्या बंदरात उतरवले, १८७६ च्या फिलाडेल्फियातील प्रदर्शनात हे फळ नवलाई म्हणून विकले गेले, आणि १८९९ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड फ्रूट कंपनीने मध्य अमेरिकेतील जमिनी, आगगाड्या, बंदरे व आगबोटी यांवर अशी मक्तेदारी बसवली, की काही मुलखांचा कारभार सरकारच्या दरबारातून चालतो की कंपनीच्या वखारीतून, हे सांगणे अवघड व्हावे. १९२८ च्या डिसेंबरात कोलंबियातील सिएनागा येथे याच कंपनीविरुद्ध संप करणाऱ्या केळीमजुरांवर तेथील सैन्याने गोळीबार केला; पाककृतींच्या पुस्तकांत अर्थातच त्याचा उल्लेख नसतो.

स्वस्त झालेले फळ घरोघर पोचले, आणि नाशवंत असल्यामुळे घरोघर काळेही पडू लागले. १९२९ नंतरच्या महामंदीत अन्न फेकणे हे जवळजवळ पातक वाटू लागले असताना, १९३३ मध्ये पिल्सबरी या पिठाच्या कंपनीच्या ‘बॅलन्स्ड रेसिपीज’ या पुस्तकात केळ्यांच्या पावाची कृती छापून आली. युक्ती शास्त्रशुद्धच होती: केळे पिकताना त्यातील पिष्टाची साखर होते, म्हणून विकतची साखर कमी लागते, गर ओलावा टिकवतो, आणि त्याची सौम्य आम्लता, जोडीला ताकासारखा एखादा आंबट पदार्थ, सोड्याला चेतवते. मऊ गरात दाताला काही लागावे म्हणून अक्रोड आला. १८६७ पासून कॅलिफोर्नियातील सांता बार्बराजवळ त्याच्या बागा व्यापारासाठी लावल्या जाऊ लागल्या होत्या. काटकसर गृहिणीची होती हे खरे. पण तिच्या काटकसरीतून पिठाचा खप वाढत होता आणि केळ्याच्या व्यापाऱ्याला पिकलेला मालही खपवता येत होता, हे विसरून या पदार्थाचे भाबडे कौतुक करणे मला पटत नाही.

पिकल्या केळ्याचे काय करावे, हा प्रश्न आपल्याकडेही होताच. वसई-आगाशीच्या बागायतदारांनी तो पीठ वा सोडा न लावता, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून, सुकेळी करून सोडवला. तो तोडगा अधिक जुना आहे आणि त्यात कोणत्याही कंपनीचा हात नाही.

१९३३ च्या त्या कृतीत पडलेले केळे ग्रो मिशेल जातीचे होते. पनामा रोगाने तिचे मळे एकामागून एक उद्ध्वस्त केले आणि १९६० च्या दशकात निर्यातीच्या बाजारातून ती जवळजवळ नाहीशी झाली. तिच्या जागी कॅव्हेंडिश आले, आणि आपल्या खानदेशातील बसराई केळी त्याच कुळातली आहेत.