बांध कोणाचा, पाणी कोणाचे?

मृदसंधारणाचा इतिहास सरकारी अहवालांत हेक्टरांमध्ये लिहिलेला असतो. इतक्या हेक्टरांवर बांधबंदिस्ती झाली, इतक्या हेक्टरांना लाभ झाला. ही मोजणी खोटी नाही. पण हेक्टर म्हणजे कोणाच्या तरी नावावरची जमीन, आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही तो या मोजणीत येत नाही. बांध घालणारे हात मात्र बहुतेक वेळा त्याचेच असतात. गावकुसाबाहेर उभे राहून या कामाकडे पाहिले तर काय दिसते, हे मला येथे मांडायचे आहे.

मुंबई इलाख्यात या कामाला कायद्याचा आधार मिळाला तो १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने. दख्खनच्या हलक्या, उताराच्या रानातून पावसाबरोबर माती वाहून जाते. तिला समपातळीवर बांध घालून अडवायचे, म्हणजे ओल मुरते, पीक तगते. या तंत्राबद्दल माझी तक्रार नाही. योजना सरकारने आखायची, खर्च मालकाकडून वसूल करायचा, बांध राखायचा मालकाने, अशी कायद्याची रचना होती. म्हणजे कायद्याला गावात एकच माणूस दिसत होता, तो खातेदार. त्या काळी महारांकडे जी जमीन होती ती वतनाची, हाडकी-हाडोळ्याची. गावकीच्या राबणुकीला बांधलेली आणि भावकीत वाटून वाटून तुकडे झालेली. बाबासाहेबांनी या वतनाविरुद्ध १९२८ साली विधिमंडळात विधेयक आणले. वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली. पुढे १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले. एकीकडे सरकार मालकांच्या शेतांना बांध घालीत होते आणि दुसरीकडे पडीक जमिनीच्या तुकड्यासाठी आमची माणसे तुरुंगात जात होती. हे दोन इतिहास आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो.

१९७२ च्या दुष्काळात मात्र ते एकाच जागी आले. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. माझी आजी त्यांत होती. घनमीटर हा शब्द तिला ठाऊक नव्हता, पण चौकडी किती खोल गेली म्हणजे मोजमापाला उतरते हे ती नजरेने सांगे. मजुरी मिळे, सुकडी मिळे. पाण्याचा रांजणही होता. फक्त ओगराळे दुसऱ्याच्या हाती असे आणि आजीने ओंजळ धरायची. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा शेहेचाळीस वर्षे झाली होती.

या कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिचा प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात केला होता. कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम हे तत्त्व मी कमी लेखत नाही. पाटलाच्या दारात उभे न राहता मजुरी मागता येते, ही गोष्ट आमच्या बायांना प्रथम या कायद्याने कळली. पण हमी होती ती कामाची. त्या कामातून जे निर्माण झाले त्यात वाटा कोणाचा, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही.

पाझर तलाव घ्या. ओढ्यावर मातीचा बांध घालून पाणी अडवायचे, ते जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरते. जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे, असे १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या सुविधाधिकार कायद्यापासून धरले गेले आहे. म्हणजे सरकारी पैशाने आणि मजुरांच्या घामाने अडलेले सार्वजनिक पाणी जमिनीत मुरले की खाजगी होते! विहीर ज्याची, पाणी त्याचे. तलाव खोदणारी बाई त्याच पाण्यावरच्या उसात पुन्हा रोजाने खुरपायला जाते. तिला काम वाढले, हाच तिचा लाभ म्हणून सांगितला जातो.

पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे, हे शास्त्राला धरून आहे. पण माथ्यावर असते काय? गायरान, वनखात्याची टेकडी, खडकाळ माळ. भूमिहीनाची शेळी तिथेच चरते, त्याचे जळण तिथूनच येते, आणि गायरानात त्याने कसलेला एखादा तुकडाही तिथेच असतो. १९९२ च्या आदर्श गाव योजनेच्या अटींत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी होती. टेकडी हिरवी झाली, हे मान्य. बंदी पाळावी लागली ती वरच्या माळावर जगणाऱ्यांना, आणि पाणी उतरले ते खालच्या बागाईतीला. २०१४ साली सुरू झालेल्या जलयुक्त शिवारात नाले खोल करायला यंत्रे आली, तेव्हा पाण्यात वाटा नसलेल्या माणसाची मजुरीही त्याबरोबर गेली.

यापेक्षा वेगळे घडू शकते, हे पुरंदर तालुक्यातल्या नायगावात १९७४ पासून दिसले आहे. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीला न जोडता माणसांना जोडला. घरात माणसे किती, त्या मानाने दरडोई अर्ध्या एकरापुरते पाणी, भूमिहीनालाही हक्क, ऊस नाही. साळुंखे दलित चळवळीतले नव्हते, पुण्याचे उद्योजक होते. तरी चळवळीने जमिनीच्या मागणीशेजारी पाण्याची जी मागणी मांडायला हवी होती, तिचा नमुना त्यांच्या नियमांत सापडतो, असे माझे मत आहे.

राज्याने २००५ साली पाणी वापर संस्थांचा कायदा केला तेव्हा हा नमुना तीस वर्षांचा जुना होता. त्या कायद्याखालच्या संस्थेत सभासद होतो तो लाभक्षेत्रातला जमीनधारक. भूमिहीनाचे नाव तिथेही नाही. ते कामाच्या मस्टरवरच राहिले आहे.